घरातली गोष्ट कथेत आणताना : बाबा, संप आणि कथेतला कामगार

रानजाई

नमस्कार. गेली काही वर्षे मी कथा लिहीत आहे. त्या सगळ्या कथा पाहिलेल्या, ऐकलेल्या किंवा मनाने रचलेल्या माणसांच्या होत्या. आता जी कथा लिहायला घेतली आहे ती आमच्या घरातली आहे आणि तिच्यापाशी येऊन माझा हात थांबला आहे. इथल्या लिहित्या मंडळींपैकी अनेकांना हा पेच कधी ना कधी पडला असणार, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे वडील परळच्या एका कापड गिरणीत साचाखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या विभागात, होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. आमची चाळ सगळी गिरणीवाल्यांची आणि बहुतेक बिऱ्हाडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या एकाच पट्ट्यातली. संप लांबला तसे कोणी गावी निघून गेले, कोणी भाजीची गाडी लावली, बायकांनी जेवणाचे डबे आणि शिवणकाम वाढवले. बाबा बरेच महिने संपात ठाम होते. नंतर एके दिवशी, संप चालू असतानाच, ते गिरणीच्या फाटकातून आत, कामावर गेले.

त्यानंतर चाळीने आमच्याशी बोलणे सोडले. गावकीच्या मंडळातून बाबांचे नाव कमी झाले. गणपतीला गावी गेलो तेव्हा आमच्या घरच्या आरतीला वाडीतले कोणी आले नाही. आपण कामावर का गेलो, कोणी काय सांगितले, आपल्याला काय वाटले, यावर बाबा शेवटपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. त्यांना जाऊनही आता बराच काळ लोटला आहे.

मला या माणसावर कथा लिहायची आहे, पण दोन्ही बाजूंनी अडचण आहे. जसे घडले तसे लिहू लागले की माझ्या नकळत ते बाबांची वकिली करणारे निवेदन होते. प्रत्येक परिच्छेदात मी त्यांच्या वतीने कोणाला तरी उत्तर देत असते. नावगाव, व्यवसाय, काळ बदलून लिहावे तर त्या प्रसंगातला जीवच निघून जातो, कारण हे सारे त्या संपात, त्या चाळीत आणि त्या गावकीतच घडू शकत होते. त्यात आत्याला मी या कथेबद्दल बोलले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मेलेल्या माणसाला परत फाटकावर उभा करू नको." ती आमच्या घरातली आता सर्वांत वडीलधारी आहे आणि तिचा शब्द मला सहज ओलांडता येत नाही.

आपल्या आयुष्यातला अनुभव कथेत आणताना त्यातले काय ठेवायचे, काय बदलायचे आणि त्या अनुभवात सामील असलेल्या माणसांचे आपण किती देणे लागतो, याबद्दल आपण स्वतः काय करता हे कळले तर मला फार मदत होईल.

उंबरठा

रानजाई, प्रश्न महत्त्वाचा आहे, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने लिहितो. एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचण्याचे काम मी दीर्घकाळ केले आहे. त्यांतल्या कितीतरी कथांना "ही सत्य घटना आहे" अशी चिठ्ठी जोडलेली असते. ज्या ठिकाणी कथा पटत नाही, नेमके त्याच ठिकाणी लेखकाचे म्हणणे असते की हे तर अगदी असेच घडले होते. आयुष्यात गोष्टी घडतात तेव्हा त्यांना कारण द्यावे लागत नाही. कथेत तीच गोष्ट घडायची तर तिच्या आधीच्या पानांनी तिची जागा तयार केलेली असावी लागते. घडलेले असणे हा कथेच्या बाजूने पुरावा ठरत नाही, एवढे एकदा मनाशी पक्के केले की "बदलले तर खोटे होईल" ही भीती बरीच कमी होते.

गो. नी. दांडेकरांचे उदाहरण मला या संदर्भात नेहमी आठवते. तरुणपणी केलेल्या नर्मदा परिक्रमेचा अनुभव त्यांनी आधी 'कुणा एकाची भ्रमणगाथा' या कादंबरीत आणला. ती १९५७ साली आली. आपल्या भटकंतीच्या वर्षांकडे ते पुढे 'स्मरणगाथा'त पुन्हा वळले आणि त्या पुस्तकाला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकाच माणसाचे पाय, तोच प्रदेश, आणि तरीही दोन वेगळी पुस्तके. कादंबरीच्या नावातला 'कुणा एकाची' हा शब्दप्रयोग मला फार मोलाचा वाटतो. स्वतःला 'कुणी एक' करता आले की लेखक आपल्याच अनुभवाभोवती फिरून तो मागून आणि बाजूने पाहू शकतो.

दुसरी गोष्ट अंतराची. साने गुरुजींच्या आई १९१७ साली गेल्या. 'श्यामची आई' त्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढले. त्या पाच दिवसांचे कौतुक सगळेच करतात. मला त्याआधीची पंधरा-सोळा वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात. शिवाय ते पुस्तक थेट 'मी आणि माझी आई' असे सुरू होत नाही. श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्री गोष्टी सांगतो आहे, मित्र ऐकत आहेत, मधूनच काही विचारत आहेत. इतक्या जिव्हाळ्याच्या अनुभवालाही लेखकाने सांगणारा आणि ऐकणारे अशी चौकट दिली आणि त्या चौकटीमुळे त्यांना मोकळेपणाने रडता आले.

आता तुमच्या कथेकडे येतो. तुम्ही जे लिहिले आहे त्यात दोन प्रकारची माहिती मिसळलेली आहे. काही तुम्हाला नंतर कळले आहे आणि काही तुम्ही त्या वयात स्वतः पाहिले आहे. मंडळातून नाव कमी झाले, हे बहुधा नंतर कळलेले असावे. वकिली त्या नंतर कळलेल्या भागातून येते. म्हणून माझी सूचना अशी की कथा बाजूला ठेवून आधी एका कागदावर फक्त तेच लिहावे जे तुम्हाला कोणीही सांगितलेले नाही, जे केवळ तुमच्या डोळ्यांनी आणि कानांनी टिपले होते. त्यातली एखादी गोष्ट अगदी क्षुल्लक वाटेल. कथा बहुतेक वेळा तिथेच असते.

आणि एक प्रयोग करून पाहा. ही घटना मुलीच्या तोंडून न सांगता, ज्याने तुमच्या घराशी बोलणे सोडले त्या शेजाऱ्याच्या बाजूने एकदा लिहा. ते छापायचे नाही, स्वतःसाठीच लिहायचे. त्याच्या बाजूचे कारण तुम्हाला मनापासून लिहिता आले तर वकिली आपोआप गळून पडेल.

भोंगा

मी त्या दुसऱ्या बाजूचा आहे, म्हणून लिहितो. माझे वडील सूतखात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या विभागात, होते आणि ते शेवटपर्यंत संपात राहिले. आमच्या मजल्यावरही एक कुटुंब असे होते ज्यांच्याशी आम्ही बोलत नव्हतो. रानजाई, तुमच्याविषयी माझ्या मनात काहीही कटुता नाही, हे आधी सांगतो. उलट तुमची कथा मला मनापासून वाचायची आहे.

ज्यांना तो काळ ठाऊक नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. मुंबईतल्या साठेक गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात होते. मागण्या पगारवाढीच्या होत्या, बदली कामगारांना (कायम नसलेल्या, गरजेप्रमाणे कामावर घेतल्या जाणाऱ्यांना) कायम करण्याच्या होत्या, आणि त्याहून मूलभूत अशी एक मागणी होती : १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच मान्यताप्राप्त संघटनेला वाटाघाटीचा हक्क दिला होता, ती व्यवस्था कामगारांना नको होती. त्यांनी डॉ. दत्ता सामंतांना आपले पुढारी म्हणून निवडले होते, पण कायद्याच्या लेखी त्यांच्या संघटनेला बोलणी करण्याचा अधिकार नव्हता. म्हणजे कामगाराजवळ संपात टिकून राहणे एवढेच बळ होते. जो एक जण फाटकातून आत जाई तो त्या एकमेव बळातला एक तुकडा काढून नेत असे. आमच्या वडिलांच्या अबोल्यामागे हे होते. त्यात दुष्टपणा नव्हता. तुमच्या कथेत चाळीतली माणसे नुसती कठोर दिसली तर ती कथा अपुरी राहील असे मला वाटते.

दुसरी गोष्ट लेखनाची आहे. त्या संपाची आजवर अधिकृतपणे समाप्ती झालेली नाही, पण तो कुठे गेला हे आज आपल्याला माहीत आहे. गिरण्या बंद पडल्या, फिनिक्स मिलच्या जागेवर मॉल उभा राहिला, गिरणीच्या जमिनींवर मनोरे चढले. १९८२ साली फाटकासमोर उभ्या असलेल्या माणसाला यातले काहीही माहीत नव्हते. त्याला वाटत होते की गिरणी ही कायमची आहे आणि प्रश्न फक्त ती कोणत्या अटींवर चालणार एवढाच आहे. संपावर आज जे लिहिले जाते त्यातल्या बऱ्याच पात्रांना पुढचा इतिहास आधीच कळलेला असतो. ती आपल्या पराभवाची भाषा पराभवाच्या आधीच बोलू लागतात. तुमचे बाबा आत गेले तेव्हा "नाहीतरी हे सगळे बुडणारच आहे" असा विचार त्यांनी केला असण्याची शक्यता फार कमी आहे. आत जाणाऱ्यांपैकी अनेकांना वाटत होते की आणखी महिना-दोन महिन्यांत सगळेच आत येतील आणि मग कोण आधी आले हे कोणाच्या लक्षात राहणार नाही.

पाणवठा

वरचे दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, तरी मला वेगळे म्हणायचे आहे. अनुभव इतका जळजळीत असताना त्याला कथेचा आडोसा कशासाठी हवा? सरळ आपल्या नावाने, वडिलांच्या नावाने लिहावे. मराठीत गेल्या पन्नास वर्षांतले जे सर्वांत ताकदीचे गद्य आहे, त्यातले पुष्कळसे दलित आणि भटक्या-विमुक्त समाजांतल्या लेखकांच्या स्वकथनांतून आले आहे. त्या लेखकांनी नावे, वस्त्या, नाती यांपैकी काहीही झाकले नाही. झाकण्याची सवय ही ज्यांच्याजवळ घालवण्यासारखी प्रतिष्ठा आहे त्यांची असते. लक्ष्मण मानेंचे 'उपरा' किंवा शरणकुमार लिंबाळेंचे 'अक्करमाशी' ही पुस्तके पात्रांची नावे बदलून कादंबरी म्हणून आली असती, तर वाचकाला "हे काल्पनिक आहे" म्हणून सुटका करून घेता आली असती. ती सुटका त्यांनी वाचकाला मिळू दिली नाही.

याच्या दुसऱ्या बाजूचीही नोंद करतो, कारण ती प्रामाणिकपणे करायला हवी. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. दगडू मारुती पवार हे त्यांचेच पूर्ण नाव. पुस्तकात मात्र दगडू आपले आयुष्य दया पवारला सांगतो आहे : एकीकडे वस्तीत वाढलेला दगडू आणि दुसरीकडे लेखक झालेला, पांढरपेशा जगात वावरणारा दया पवार. एकाही गोष्टीवर पडदा न टाकणाऱ्या लेखकालासुद्धा स्वतःचे असे दोन भाग करावे लागले, हे उंबरठा यांच्या म्हणण्याला बळ देणारे आहे. आणि ते पुस्तक आल्यावर "आपले हे सगळे जगापुढे कशाला उघडे केले" असा सूर आपल्याच माणसांतून निघाला होता. म्हणजे आत्यांचा प्रश्न काही नवा नाही. फरक इतकाच की त्या लेखकांनी तो प्रश्न ऐकूनही पुस्तक छापले.

माझे मत असे की तुमच्या वडिलांच्या मौनाची लाज तुम्ही वाहत आहात आणि कथेची चौकट त्या लाजेला आसरा देईल. नावानिशी लिहा.

रानजाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाणवठा, तुमचे म्हणणे मी फार गंभीरपणे घेतले आहे. मात्र बाबांनी जे बोलायचे टाळले ते मी त्यांच्या नावाने कसे लिहू? ते त्या दिवशी काय विचार करत होते हे मला ठाऊक नाही. आत्मकथनात मला "मला माहीत नाही" असे लिहून थांबावे लागेल आणि मला तिथेच थांबायचे नाही. त्या माणसाच्या आत जाण्याचा मार्ग मला फक्त कथेतूनच दिसतो.

उंबरठा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी कागद घेऊन बसले. संपाबद्दल त्यावर फारच थोडे उतरले. जे उतरले त्यात एक गोष्ट अशी आहे जी मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, कारण ती सांगण्याजोगी आहे असे मला वाटलेच नव्हते. साचाखात्यात इतका आवाज असतो की शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलायचे तरी तोंड त्याच्या कानाशी न्यावे लागते, नाहीतर हातवाऱ्यांनी सांगावे लागते. तिथे वर्षानुवर्षे काम केलेली माणसे घरीही मोठ्याने बोलतात. बाबा साधे पाणी मागत ते गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई आणि आई "अहो, हळू" म्हणून त्यांना रोज टोकत असे. संपाच्या पहिल्या महिन्यांतही त्यांचा आवाज तसाच होता. ते पुन्हा कामावर जाऊ लागले आणि घरात हळू बोलू लागले. पुन्हा त्याच आवाजात, त्याच साच्यांमध्ये उभे राहत होते, पण घरी आल्यावर त्यांचे बोलणे भिंतीपलीकडे जात नसे. आई त्यांना पुन्हा कधी "हळू" म्हणाली नाही.

उंबरठा

ही तुमची कथा आहे. या परिच्छेदात फाटक नाही, पोलिसांची गाडी नाही, घोषणा नाहीत, आणि तरीही संप त्यात पूर्णपणे आला आहे. जयंत पवारांचे 'अधांतर' आठवा. गिरणगाव कोलमडत असल्याचे ते नाटक आपल्याला गिरणी कामगाराच्या एका घरात बसवून दाखवते. तुम्हाला फाटकापर्यंत जायची गरजच नाही. आणि "आवाज कमी झाला, याचा अर्थ त्यांना अपराधी वाटत होते" असे एकही वाक्य कथेत येऊ देऊ नका. तो अर्थ वाचकाला मिळालेला आहे; तुम्ही तो पुन्हा दिलात तर त्याच्या हातातून काढून घेतल्यासारखे होईल.

तळटीप

मी वकिली करतो. लेखनाच्या कलेबद्दल मला बोलता येणार नाही, पण घरातल्या किंवा ओळखीच्या माणसांवर लिहिणाऱ्यांच्या मनात जे दोन-तीन गैरसमज असतात ते दूर करणे मला जमेल.

पहिला गैरसमज असा की खरे लिहिले तर बदनामी होत नाही. बदनामीचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. तिथे केवळ सत्य पुरेसे होत नाही. ते प्रसिद्ध करणे सार्वजनिक हिताचे होते, हेही दाखवावे लागते. दुसरा गैरसमज असा की नाव बदलले की प्रश्न मिटला. ज्यांना त्या व्यक्तीची माहिती आहे त्यांना ती लेखनातून ओळखू येत असेल, तर बदललेले नाव फारसे संरक्षण देत नाही. तिसरा असा की मृत व्यक्तीची बदनामी होऊच शकत नाही. ती व्यक्ती हयात असती तर तिच्या लौकिकाला धक्का बसला असता आणि लेखनाचा हेतू तिच्या कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा होता, असे असेल तर तेही या कलमात येते. संस्था आणि कंपन्याही त्यात येतात. म्हणून गिरणीचे, मंडळाचे किंवा संघटनेच्या स्थानिक पुढाऱ्याचे खरे नाव कथेसाठी अटळ नसेल तर ते घालू नये.

हे भीती घालण्यासाठी सांगत नाही. रानजाई यांनी जे वर्णन केले आहे त्यात मला तरी अडचणीचे काही दिसत नाही. सहसा कोर्टाच्या खूप आधी घरातच निकाल लागतो, आणि त्याबाबत कायदा काहीच मदत करत नाही.

सोनकी

तळटीप यांचे शेवटचे वाक्य अगदी खरे आहे. मी त्या घरातल्या निकालाबद्दलच लिहिते.

बाईने आपल्या अनुभवावर लिहिले की त्याची किंमत वेगळी असते, हे आपल्याकडे फार आधीपासून दिसते. विभावरी शिरूरकरांचे 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली आले तेव्हा शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातले त्यात इतके उघडपणे आले होते की गदारोळ उठला. ते नाव टोपण आहे हे लोकांना कळत होते आणि त्यामागची बाई कोण याचा शोध चालू होता. मालती बेडेकरांना ते टोपणनाव घ्यावे लागले, याला मी पाणवठा म्हणतात तशी प्रतिष्ठा जपण्याची सवय म्हणणार नाही. ज्या मुलींचे निःश्वास त्यांनी लिहिले त्या ओळखीच्या होत्या, त्यांची लग्ने व्हायची होती, नोकऱ्या टिकायच्या होत्या. टोपणनावाने लेखिकेइतकेच त्या मुलींनाही झाकले. त्याच लेखिकेने पुढे सोलापूरच्या गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत काम केले आणि त्या अनुभवातून १९५० मध्ये 'बळी' लिहिली. तिथे तर अनुभव सर्वस्वी दुसऱ्यांचा होता आणि त्या फक्त साक्षीदार होत्या. स्वतःचा अनुभव आणि साक्षीचा अनुभव, दोन्हींना त्यांनी कादंबरी-कथेचे रूप दिले, आणि दोन्ही पुस्तके आजही बोलतात.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगते. आमच्या शेजारच्या काकूंवरून मला एक कथा सुचली होती. मी त्यांचे नाव, गाव, जात, नवऱ्याचा व्यवसाय, मुलांची संख्या, सगळे बदलले होते. कथा छापून आल्यावर त्या घरी आल्या. त्यांनी स्वतःला ओळखले होते आणि तेही कथेतल्या मुख्य प्रसंगावरून नव्हे. कथेतली बाई कोणाशीही बोलताना पदराला बांधलेली कपाटाची किल्ली चाचपत राहते, असे मी लिहिले होते. काकू एवढेच म्हणाल्या, "माझी किल्ली तू बघत होतीस." त्यांना राग आला होता की बरे वाटले होते, हे मला आजही नीट सांगता येणार नाही; बहुधा दोन्ही. एवढे मात्र कळले की माणसे घटनांवरून स्वतःला ओळखत नाहीत, सवयींवरून ओळखतात. तुमच्या बाबांच्या आवाजाचे वाचल्यावर मला तेच वाटले. गिरणीचे नाव काहीही घाला, तुमच्या चाळीत वाढलेला कोणीही तो आवाज वाचून म्हणेल की हे अमुक यांचे घर.

म्हणून आत्यांचे म्हणणे बाजूला सारण्याआधी त्यांना एकदा विचारा. परवानगी मागायला जाऊ नका. माहिती विचारायला जा. "लिहू का" असे विचारले की माणूस नकार देतो. "त्या वेळी घरात काय शिजत होते, रेशन कोण आणत होते" असे विचारले की माणूस आठवू लागतो.

रानजाई

सोनकी, तुमचा सल्ला मानून मी आत्याकडे गेले. त्यानंतर काही दिवस इथे काय लिहावे हेच सुचत नव्हते.

मी तिला खरोखरच फक्त रेशनचे विचारले. ती आधी तांदळाबद्दल बोलली, मग वाण्याच्या उधारीबद्दल आणि मग गहाण टाकलेल्या भांड्यांबद्दल. आणि बोलता बोलता म्हणाली, "तो गेला नाही ग, त्याला पाठवला." पाठवले ते आईने. वाण्याने उधार बंद केले, माझा धाकटा भाऊ तापाने आजारी होता आणि घरात विकण्यासारखे काही उरले नव्हते. आईने बाबांना सांगितले की उद्या तुम्ही आत गेला नाहीत तर मी मुलांना घेऊन माहेरी जाते. आत्या त्या रात्री आमच्याकडे होती. बाबा बराच वेळ गप्प होते आणि सकाळी डबा न घेता गेले. त्यानंतर संपभर सगळा दोष बाबांनी स्वतःच्या माथी घेतला. आईचे नाव त्यांनी कोणापुढे काढले नाही, आत्यालाही काढू दिले नाही.

आत्या मला फाटकाबद्दल का बोलली होती ते आता कळले. ती भावाला जपत नव्हती, वहिनीला जपत होती.

आई हयात आहे. ती डोंबिवलीला माझ्या भावाकडे असते. तिने यातले एक अक्षरही आम्हाला कधी सांगितलेले नाही. इतके दिवस मी जी कथा मनात घडवत होते ती गप्प राहिलेल्या पुरुषाची होती. आता ती एका बाईची झाली आहे आणि त्या बाईला मी दर रविवारी भेटते. बाबांच्या आवाजाचा परिच्छेद आज पुन्हा वाचला. "आई त्यांना पुन्हा कधी 'हळू' म्हणाली नाही" हे वाक्य मी नुसती आठवण म्हणून लिहिले होते. आता मला ते वेगळेच दिसते.

पाणवठा

रानजाई, हे वाचून माझे मत मी बदलतो, निदान या कथेपुरते. वडिलांबद्दल नावानिशी लिहिण्याचा हक्क तुम्हाला आहे असे मी म्हणालो होतो, कारण वाळीत टाकले गेल्याचा ताप तुम्हीही सोसला होता. त्या रात्रीचे बोलणे मात्र तुमच्या आईचे आहे. स्वकथन लिहिणाऱ्यांनी स्वतःला उघडे केले. इथे उघडी होईल ती दुसरीच व्यक्ती, आणि तिने एवढी वर्षे ते जपून ठेवले आहे. त्या हयात असेपर्यंत हे नावानिशी येऊ नये.

उंबरठा

मी लिहिणे आणि छापणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवीन. छापण्याचा निर्णय आज घेण्याचे काहीच कारण नाही. आईला काय वाटेल या विचाराने लिहिताना एक ओळ जरी मवाळ केली तर त्या रात्रीचे बोलणे खोटे होईल, आणि त्या बाईचे बोलणे खोटे करणे हा तिचा अधिक मोठा अपमान आहे. तिने पोराच्या तापापुढे संपाला दुय्यम मानले, हे तिच्या तोंडी पूर्ण ताकदीने आले पाहिजे. कथा पुरी होऊ द्या. ती पुरी झाल्यावर तुम्हाला स्वतःलाच कळेल की ती आईला वाचून दाखवण्याजोगी आहे की नाही.

निवेदनाबद्दल मात्र एक सुचवतो. मुलीला त्या रात्रीचे काही माहीत नाही आणि नवरा-बायको दोघेही बोलणारी नाहीत. मग ही गोष्ट जिला माहीत आहे आणि जिने ती झाकली, ती एकच व्यक्ती उरते. नणंदेच्या तोंडून वहिनीची गोष्ट मराठीत फारशी प्रेमाने सांगितली गेलेली नाही.

भोंगा

उंबरठा यांची सूचना मला अतिशय आवडली. तपशिलाच्या दृष्टीने दोन गोष्टी सांगतो. सूतखाते आणि साचाखाते यांची हवा, आवाज, अंगावर बसणारा कापसाचा थर, सगळे वेगळे. सोयीसाठी खाते बदलू नका, कारण आवाजाचा सगळा भाग साच्यांवर उभा आहे. दुसरे असे की बाबा कायम कामगार होते की बदली, हे आत्यांना विचारून घ्या. बदली कामगाराला पाळीच्या वेळी फाटकावर जाऊन आज काम आहे की नाही हे पाहावे लागे. संपाआधीही त्याची मिळकत अनिश्चितच असे. घरातली पुंजी किती महिन्यांत संपली असेल, वाण्याने किती उधार दिले असेल, हे सगळे त्यावर ठरते. तुमच्या आईच्या त्या रात्रीच्या बोलण्याचे वजनही त्यावर ठरेल.

रानजाई

बाबा कायम होते, पण संपाच्या जेमतेम वर्षभर आधी झाले होते. त्याआधी बरीच वर्षे बदलीवर काढली होती. हे आईच सांगत असे, अभिमानाने. म्हणजे घरात शिल्लक अशी नव्हतीच.

नणंदेच्या निवेदनाने पहिला खर्डा सुरू केला आहे. त्यात ती वहिनीशी त्या रात्रीनंतर पहिल्यांदा बोलते तो प्रसंग आधी लिहिला आणि भांडण अजून लिहिलेले नाही. ते शेवटी लिहीन. गिरणीला नाव दिलेले नाही, गावाचेही दिलेले नाही, १९८२ मात्र ठेवले आहे. आत्याला पहिली पाने वाचून दाखवली. तिने फक्त एक दुरुस्ती सांगितली : वाण्याने उधार बंद केले ते सकाळी नव्हे, संध्याकाळी, दुकानात इतर गिऱ्हाइके उभी असताना. ती दुरुस्ती केली आहे. साचाखात्याचा भाग आला की तो याच धाग्यात देते. भोंगा, तो तपासून द्यावा ही विनंती.